स्वस्तातली लोकर आणि न बसणारा स्वेटर

हातविणीच्या कपड्यांविषयी वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी बहुतेकांत विणीच्या नमुन्यांपेक्षा खरेदीचीच चर्चा अधिक आहे. सेलमधून उचललेली बिनलेबलाची लोकर, कुणी घर आवरताना दिलेल्या सुया, जुन्या कपड्यांच्या ढिगातून काढलेला स्वेटर, असे बरेच काही त्यांत आहे. एकाच आशयाची पत्रे एकत्र करून व थोडक्यात मांडून त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

प्रश्न : ताई, एका दुकानाचा माल संपवण्याच्या सेलमधून मी अर्धा किलो निळी लोकर आणली. गुंड्यांवर लेबल नाही. विक्रेत्याने ती शुद्ध लोकर असल्याचे सांगितले होते, घरातल्यांच्या मते ती ॲक्रिलिक आहे. खरे काय ते कसे ओळखावे आणि एवढ्या लोकरीत माझा पूर्ण बाह्यांचा स्वेटर होईल का?

उत्तर : दोन्ही गोष्टी घरच्या घरी तपासता येतात, त्यासाठी विक्रेत्याच्या शब्दावर विसंबण्याचे कारण नाही आणि घरातल्यांशी वाद घालण्याचेही नाही. धागा कशाचा आहे हे ओळखण्याची जुनी रीत म्हणजे तो जाळून पाहणे. वीतभर धागा चिमट्यात धरावा, खाली धातूची ताटली आणि हाताशी पाणी ठेवावे, खिडकी उघडी असावी आणि मुलांना त्या वेळी दूर ठेवावे. मेंढीची लोकर ज्योतीजवळ नेताच आक्रसते, धुमसत जळते आणि ज्योत बाजूला केली की बहुधा आपोआप विझते. केस जळल्यासारखा वास येतो व उरलेली काळी राख गार झाल्यावर बोटांत चुरली की तिचा भुगा होतो. ॲक्रिलिक मात्र वितळत वितळत भरभर पेटते, ज्योत दूर नेली तरी जळत राहते आणि गार झाल्यावर धाग्याच्या टोकाला एक काळा टणक मणी उरतो, जो कितीही दाबला तरी फुटत नाही. हा वितळलेला थेंब कातडीला चिकटून चांगलेच भाजते, म्हणून धागा नुसत्या हातात धरून ही परीक्षा कधीही करू नये. सुती धाग्याला कागद जळाल्याचा वास येतो आणि त्याची राख मऊ, करडी असते. केसांचा वास आणि टणक मणी असे दोन्ही आढळले, तर धागा मिश्र आहे एवढे कळते. त्यातील प्रमाण मात्र अशा परीक्षेने कळत नाही.

ती ॲक्रिलिक निघाली तर फसवणूक झाली हे खरेच, कारण पैसे शुद्ध लोकरीचे म्हणून घेतले गेले. परंतु ॲक्रिलिक म्हणजे टाकाऊ, ही समजूत मला पटत नाही. वारंवार धुवावा लागणारा आणि यंत्रात पडणारा रोजच्या वापराचा कपडा ॲक्रिलिकचाच बरा, कारण त्याचा नमदा होत नाही, म्हणजे धागे एकमेकांत रुतून कपडा आटत व दाटत नाही, आणि त्याला कसरही लागत नाही. खऱ्या लोकरीची थोरवी वेगळी आहे. ती आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्क्यांपर्यंत ओलावा शोषूनही अंगाला ओली लागत नाही, आणि हा गुण कृत्रिम धाग्यात नाही. कपडा कशासाठी विणायचा आहे, यावर निवड ठरवावी.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. लोकर किती पुरेल हे वजनावर नव्हे, तर लांबीवर ठरते आणि लांबी काढण्यासाठी टेप व घरातला लहान वजनकाटा पुरेसा होतो. गुंड्यातून २० मीटर धागा मोजून काढावा, सैल गुंडाळून काट्यावर ठेवावा. समजा त्याचे वजन ९ ग्रॅम भरले, तर १०० ग्रॅममध्ये सुमारे २२२ मीटर आणि तुमच्या अर्ध्या किलोत सुमारे १,१०० मीटर लोकर आहे असा हिशेब निघतो. ही लांबी साधारणपणे ‘डबल निटिंग’ या नावाने विकल्या जाणाऱ्या, ना फार बारीक ना फार जाड अशा लोकरीची असते. जाडीची आणखी एक खूण म्हणजे पट्टीवर धागा न ताणता, वेढ्याला वेढा लावून गुंडाळावा. एका इंचात साधारण ११ ते १४ वेढे बसले तर ती याच जाडीची समजावी. या जाडीत मध्यम अंगाच्या प्रौढ स्त्रीच्या पूर्ण बाह्यांच्या साध्या स्वेटरला साधारणतः १,००० ते १,४०० मीटर लोकर लागते. म्हणजे तुमची लोकर काठावर आहे. बाह्या आधी विणून घ्याव्यात आणि धड शेवटी विणावे, म्हणजे कमी पडलीच तर उंची थोडी आखूड ठेवून किंवा काठ व गळपट्टी दुसऱ्या रंगाची करून निभावता येते. धड पुरे करून एका बाहीवर अडकलेल्या माणसाला असा काही मार्ग उरत नाही. वेलबुट्टीचे पीळ असलेली वीण या लोकरीत घेऊ नये, कारण पिळांना साध्या विणीपेक्षा बरीच जास्त लोकर लागते.

प्रश्न : नमुन्यात सांगितलेल्या लोकरीऐवजी सवलतीत मिळालेली, दिसायला तशीच लोकर वापरली. सुया त्याच, टाकेही तेवढेच घातले, तरी स्वेटर छातीत इतका घट्ट झाला आहे की बटणे लागत नाहीत. विणून, शिवून तयार झालेल्या या स्वेटरचे आता काय करावे?

उत्तर : दिसायला तशीच असलेली लोकर विणायला तशीच असते असे नाही, आणि हा फरक किती महागात पडतो ते आकड्यांतच पाहणे चांगले. नमुन्यात १० सेंटिमीटरमध्ये २० टाके बसतात असे दिले असेल, तर १०० सेंटिमीटर घेरासाठी २०० टाके घातले जातात. तुमची लोकर किंचित बारीक असल्यामुळे तेवढ्याच जागेत २२ टाके बसले, तर त्याच २०० टाक्यांचा घेर जेमतेम ९१ सेंटिमीटर होतो. दहा सेंटिमीटरमागे दोनच टाक्यांचा फरक, पण अंगावर तो नऊ सेंटिमीटरने जाणवतो.

स्वेटर खऱ्या लोकरीचा असेल तर ओला करून, ताणून, टाचण्या लावून सपाट वाळवल्यास तो दोनतीन सेंटिमीटर सैल होईल, नऊ होणार नाही. ॲक्रिलिकचा असेल तर त्यावर गरम इस्त्री दाबून तो मोठा करण्याचा मोह टाळावा, कारण उष्णतेने तो धागा कायमचा निर्जीव होतो, विणीची लवचीकता जाते आणि कपडा लोळागोळा दिसू लागतो. तो पुन्हा पूर्ववत करण्याचा कोणताही उपाय नाही.

माझ्या मते सर्वांत चांगला उपाय म्हणजे बगलेत पट्ट्या घालणे. दोन्ही बाजूंच्या शिवणी काठापासून बगलेपर्यंत आणि तेथून पुढे बाहीच्या शिवणीवर कोपरापर्यंत उसवाव्यात. प्रत्येक बाजूला साडेचार सेंटिमीटर रुंदीची पट्टी हवी, म्हणजे तुमच्या मापाने १० टाके, आणि शिवणीत जाणारा कडेचा एकेक टाका धरून १२ टाके घालावेत. पट्टी एक सुलट एक उलट अशी न विणता दोन सुलट दोन उलट विणावी, कारण ती ताणही घेते आणि मुद्दाम केलेल्या कलाकुसरीसारखी दिसते. १२ टाक्यांत ती सुबक बसतेही. या विणीत पट्टी थोडी आक्रसते, म्हणून शिवण्यापूर्वी ती ओली करून हव्या त्या रुंदीला सपाट वाळवून घ्यावी. बगलेपर्यंत पट्टी सरळ न्यावी आणि बाहीच्या भागात दर काही ओळींनी दोन्ही कडांचा एकेक टाका घटवत कोपरापाशी ती संपवावी, म्हणजे हात वर केला तरी स्वेटर वर ओढला जात नाही. मूळ लोकर उरली नसेल तर पट्टी सरळ वेगळ्या रंगाची करावी. जवळपासचा रंग शोधून लपवालपवी केली की ती नेमकी नजरेत भरते.

पुढच्या वेळी नमुन्याचा चौकोन विणून पाहण्याचा कंटाळा करू नये. तो किमान १५ सेंटिमीटर रुंद असावा, पुढे स्वेटर जसा धुतला जाणार आहे तसाच धुऊन वाळवावा आणि कडा सोडून मधल्या १० सेंटिमीटरमधले टाके मोजावेत. न धुता मोजलेल्या चौकोनाचा फारसा उपयोग नाही, विशेषतः यंत्रात धुता येईल अशी प्रक्रिया केलेली मेरिनो लोकर असेल तर, कारण ती लोकर धुतल्यावर हमखास ढिली पडते.

प्रश्न : मोठ्या आत्यांनी त्यांच्या सुयांची पेटी मला दिली. सुयांवर ८, १०, १२ असे आकडे आहेत. पण ८ नंबरची सुई नव्या नमुन्यातल्या ८ नंबरच्या सुईपेक्षा बारीक का?

उत्तर : आत्यांच्या सुया जुन्या ब्रिटिश क्रमांकांच्या आहेत, ज्यात आकडा वाढतो तशी सुई बारीक होते. तेथे ८ म्हणजे ४ मिलिमीटर, १० म्हणजे ३.२५ आणि १२ म्हणजे २.७५. तुमचा नवा नमुना अमेरिकी पद्धतीचा असावा; त्यात आकड्याबरोबर सुई जाड होते, ८ म्हणजे ५ मिलिमीटर आणि १० म्हणजे ६. भोकांची मापपट्टी घेऊन प्रत्येक सुई एकदा मोजावी, मिलिमीटरचा आकडा कागदी चिकटपट्टीवर लिहून सुईला लावावा आणि मूळ क्रमांक विसरून जावा. लाकडी सुईचे टोक खरखरीत झाले असेल तर अगदी बारीक पॉलिशपेपरने घासून ते वापरात आणता येते.

प्रश्न : चार गुंडे कमी पडले म्हणून त्याच कंपनीचे, त्याच शेड क्रमांकाचे गुंडे पुन्हा आणले. दुकानात रंग एकच वाटला. विणल्यावर दिवसाच्या उजेडात पाठीवर आडवी रेघ मारल्यासारखा फरक दिसतो. यात विक्रेत्याची चूक आहे का?

उत्तर : विक्रेत्याला दोष देता येणार नाही. शेड क्रमांक हा रंगाचा असतो. लेबलवर त्याच्या शेजारी छापलेला लॉट क्रमांक त्या रंगाच्या एका घाण्याचा असतो. पाणी, तापमान, वेळ आणि धाग्याची शोषण्याची ताकद यांत किंचित फरक पडला, तरी दोन घाण्यांचा रंग तंतोतंत जुळत नाही. शिवाय दिव्याच्या उजेडात एकसारखे दिसणारे दोन रंग सूर्यप्रकाशात वेगळे दिसू शकतात, म्हणून गुंडे दुकानाच्या दाराशी नेऊन पाहण्याची जुन्या लोकांची सवय शहाणपणाची होती. शिल्लक मालाच्या सेलमध्ये तर वेगवेगळ्या लॉटचे गुंडे एकाच टोपलीत टाकलेले असतात, तेव्हा प्रत्येक गुंड्यावरचा क्रमांक वाचूनच घ्यावा.

रेघेपर्यंत आणि तिच्याही खाली आणखी थोडे उसवणे भाग आहे, म्हणजे जुनी लोकर हाती येते. त्यानंतर दोन ओळी जुन्या गुंड्याने आणि दोन ओळी नव्या गुंड्याने अशा आळीपाळीने विणत जावे आणि दहाबारा सेंटिमीटरनंतर जुनी लोकर पूर्ण सोडावी, म्हणजे रंग हळूहळू बदलतो आणि डोळ्याला कळत नाही. अजून बाह्या विणायच्या राहिल्या असतील तर त्याहून सोपा मार्ग आहे. धड सगळे जुन्या लॉटचे आणि दोन्ही बाह्या सगळ्या नव्या लॉटच्या कराव्यात. खांद्याशी शिवण येते, बाहीवर उजेडही वेगळ्या बाजूने पडतो, त्यामुळे फरक असूनही तो दिसत नाही.

प्रश्न : जुन्या कपड्यांच्या विक्रीत उत्तम लोकरीचे स्वेटर अगदी कमी किमतीत मिळतात. ते उसवून लोकर पुन्हा वापरता येते असे ऐकले. मी आणलेला एक स्वेटर उसवायला घेतला तर हातभर लांबीचे तुकडेच निघाले. माझे काय चुकले?

उत्तर : उसवण्यात तुमचे काही चुकले नाही, तो स्वेटर उसवण्याजोगा नव्हताच. विकत घेण्यापूर्वी स्वेटर उलटा करून बगलेची शिवण पाहावी. शिवणीच्या कडेला ओव्हरलॉकचा दाट, तिरपा दोरा दिसत असेल, तर तो स्वेटर विणलेल्या मोठ्या तुकड्यातून कात्रीने कापून शिवलेला आहे आणि त्याची प्रत्येक ओळ दोन्ही टोकांना तुटलेली आहे. शिवणीच्या दोन्ही बाजूंना मात्र साखळीसारखी अखंड कड दिसली आणि बगलेजवळ टाके घटवल्याच्या खुणा दिसल्या, तर त्याचे भाग मापाप्रमाणे विणलेले आहेत आणि त्यातून अखंड धागा निघेल. आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. धुऊन धुऊन वीण दाटली असेल आणि टाके वेगवेगळे दिसत नसतील, तर धागे एकमेकांत रुतले आहेत, तो सोडावा. लांब केसांच्या मऊ, फुलारलेल्या लोकरीच्या वाटेलाही जाऊ नये, तिचे तंतू एकमेकांना सोडत नाहीत.

योग्य स्वेटर हाती आला की आधी गळपट्टी काढावी, मग बाह्या आणि शेवटी बगलेच्या शिवणी. शिवणीचा दोरा कापताना कात्रीचे टोक साखळीच्या कडेत शिरले तर सगळे श्रम वाया जातात, म्हणून शिवण बोटांनी दोन्हीकडे ताणून मधला दोरा उचलावा आणि तेवढाच कापावा. प्रत्येक भाग वरच्या टोकाकडून, म्हणजे जेथे टाके बंद केलेले असतात तेथून उसवावा. खालच्या काठाकडून सुरुवात केली तर प्रत्येक टाक्याला धागा अडतो. निघणारा धागा खुर्चीच्या पाठीभोवती गुंडाळत जावे, लडी झाली की चार ठिकाणी सैल बांधावी, कोमट पाण्यात सौम्य साबण घालून वीसेक मिनिटे न चोळता बुडवून ठेवावी, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढावे आणि सावलीत टांगावी. गरम पाणी आणि चोळणे टाळावे, कारण लोकरीच्या तंतूंवरील खवले त्यानेच एकमेकांत अडकतात आणि नमदा होतो. धागा सरळ व्हावा म्हणून काही जण लडीला जड वजन बांधतात. मी तसे सुचवणार नाही, कारण ताणून सरळ केलेला धागा विणून धुतला की पुन्हा आखडतो आणि कपडा लहान होतो. पाण्यात भिजताना नागमोडी धागा आपोआप सैलावतो, तेवढे पुरे असते.

यंत्रावर विणलेल्या स्वेटरांतून निघणारा धागा पुष्कळदा फार बारीक असतो. दोन किंवा तीन पदर एकत्र धरून तो हाताने विणता येतो आणि दोन रंगांचे पदर एकत्र केले तर फार देखणा मिश्र रंग मिळतो. मजुरीचा विचार केला तर हा उद्योग स्वस्त नाही, पण उंची लोकर परवडण्याजोगी मिळवण्याचा याहून खात्रीचा मार्ग मला ठाऊक नाही.

प्रश्न : साठवलेल्या लोकरीत बारीक जाळी आणि तुटलेले धागे आढळले. नव्याने आणलेल्या जुन्या स्वेटरमधून कसर आली असेल का? डांबराच्या गोळ्या ठेवल्या तर पुरे होईल का?

उत्तर : त्यातून आली असणे शक्य आहे, म्हणूनच जुन्या बाजारातला कोणताही लोकरी कपडा थेट कपाटात जाऊ नये. लोकर खातात त्या पतंगाच्या अळ्या. उडणारा पतंग स्वतः काहीच खात नाही, पण अंडी घालतो. अळ्यांना लोकरीतले केराटिन पचते आणि घामाचे वा अन्नाचे डाग असलेला कपडा त्यांना विशेष आवडतो, म्हणून न धुता ठेवलेले स्वेटर आधी खाल्ले जातात. शुद्ध ॲक्रिलिक त्यांना पचत नाही.

सगळी लोकर बाहेर काढून झटकावी, कपाटाच्या फटी व कोपरे व्हॅक्यूम क्लीनरने साफ करावेत आणि धुता येईल ते धुवावे. उरलेली लोकर कोरडी असताना प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करावी आणि उणे १८ अंश सेल्सिअसच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवावी. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नये. ती खोलीच्या तापमानाला आली की मगच उघडावी, म्हणजे दव पिशवीच्या बाहेर जमते आणि लोकर ओली होत नाही.

डांबराच्या गोळ्यांची शिफारस मी करत नाही. त्यातल्या नॅफ्थलीनची वाफ माणसालाही घातक आहे आणि जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या तान्ह्या बाळांना अशा गोळ्यांत ठेवलेल्या कपड्यांमुळे तांबड्या पेशी फुटून गंभीर कावीळ होऊ शकते. घरात लहान मूल असेल तर प्रश्नच मिटला.

प्रश्न : माझे कपाट लोकरीने भरले आहे. ‘सवलत’ ही पाटी दिसली की मला राहवत नाही. घरातले चिडवतात आणि मलाही अपराधी वाटते, कारण बहुतेक रंगांचे एकदोनच गुंडे आहेत. हा साठा संपवावा कसा आणि हात आवरावा कसा?

उत्तर : अपराधी वाटून घेण्यासारखे यात काही नाही, परंतु आपल्याला नेमका आनंद कशाचा होतो हे मात्र तपासावे. अर्थशास्त्राचे २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळवणारे रिचर्ड थेलर यांनी १९८५ मध्येच असे मांडले होते की, खरेदीतून माणसाला दोन वेगळी समाधाने मिळतात: एक वस्तूच्या उपयोगाचे आणि दुसरे सौदा चांगला झाल्याचे. खोडलेली मोठी किंमत आणि तिच्याखाली लिहिलेली लहान किंमत आपल्याला हे दुसरे समाधान देते आणि ते इतके खरे वाटते की वस्तू कधीच वापरली नाही तरी खरेदी फायद्याची झाली असे मन म्हणत राहते. लोकरीच्या बाबतीत हे अधिक घडते, कारण गुंडा हातात असताना त्यातून होऊ शकणारे सारे कपडे डोळ्यांपुढे उभे राहतात आणि त्यातला एकही अजून बिघडलेला नसतो.

सुटा गुंडा ही माझ्या मते सेलमधली सर्वांत महागडी वस्तू आहे. डबल निटिंगच्या ५० ग्रॅममध्ये लहान मुलाची टोपी होते, मोठ्या माणसाची बहुधा होत नाही, आणि घरात तेवढ्या टोप्यांची गरज नसते. याउलट एकाच लॉटचे दहा गुंडे सवलतीत मिळाले, तर मी ते बिनदिक्कत घ्यायला सांगेन, मग कपड्याचा नमुना ठरलेला नसला तरी चालेल. दुकानात उभे असताना ‘याचे काय होईल’ असे मनाला विचारू नये, त्याचे उत्तर नेहमीच उत्साहाचे येते. ‘हे कुणाच्या अंगावर येणार आणि त्याला किती मीटर लागतील’ असे विचारावे. त्या मापाला पुरेल एवढा माल तेथे नसेल तर पाटी कितीही मोठी असली तरी ती आपल्यासाठी नाही.

घरात आहे त्या साठ्याची वाटणी रंगाप्रमाणे न करता जाडीप्रमाणे करावी. आपण सवयीने रंग जुळवतो आणि मग बारीक व जाड धागा एका कपड्यात येऊन काठ झालरीसारखा फुगतो. एकाच जाडीचे गुंडे एका पिशवीत ठेवून तिच्यावर एकूण वजन लिहावे. डबल निटिंगची ५०० ग्रॅमच्या आसपास भरलेली पिशवी म्हणजे एक पट्ट्यापट्ट्यांचा स्वेटर समजावा. पट्ट्या एकसारख्या रुंदीच्या ठेवल्या तर उरलीसुरली लोकर वापरल्याचे उघडे पडते. त्यापेक्षा दोन, पाच, तीन, एक अशा अनियमित ओळींच्या पट्ट्या घ्याव्यात आणि सगळ्या रंगांना बांधणारा एक गडद रंग दर पट्टीनंतर आणावा. लोकर आणि ॲक्रिलिक एकाच कपड्यात शक्यतो मिसळू नयेत, धुण्यात एक आटते आणि दुसरे आटत नाही. ज्या गुंड्यांकडे पाहून काहीच सुचत नाही, ते विणायला शिकणाऱ्या एखाद्या मुलीला किंवा मुलाला देऊन टाकावेत. घातलेले पैसे वसूल व्हावेत म्हणून न आवडणारा रंग विणत बसणे, म्हणजे पैशांपाठोपाठ वेळही घालवणे होय.

प्रश्न : भाचीच्या बाळासाठी सेलमध्ये घेतलेल्या लोकरीचे हातमोजे आणि टोपी विणली. भाची म्हणते, लोकर टोचते. मला तर ती मऊ वाटते.

उत्तर : हाताच्या तळव्याची कातडी जाड असते, तिच्यावर विश्वास ठेवू नये. लोकर गालाला किंवा मानेला काही वेळ लावून पाहावी. टोचतात ती साधारण ३० मायक्रॉनहून जाड तंतूंची टोके. ती कातडीवर न वाकता रुततात आणि धुऊन त्यात फारसा फरक पडत नाही. टोपीला आतून मऊ सुती कापडाचे अस्तर लावता येईल. हातमोज्यांबाबत मात्र त्याहून महत्त्वाची गोष्ट सांगते. आतल्या बाजूला धाग्यांची सुटी टोके किंवा लांब आडवे धागे राहिले असतील, तर ते बाळाच्या बोटाभोवती गुंडाळून रक्तपुरवठा अडू शकतो आणि बाळ का रडते आहे हे बाहेरून कळतही नाही. मोजे उलटे करून प्रत्येक टोक ओवून टाकावे व जास्तीचे कापावे. जाळीदार वीण असेल तर ते हातमोजे बाळाला घालू नयेत. गळ्याशी बांधायच्या नाड्याही काढाव्यात.

प्रश्न : गडद लाल सुती धाग्याचा रंग जातो. व्हिनेगर किंवा मीठ घातलेल्या पाण्यात ठेवल्यास रंग पक्का होतो का?

उत्तर : होत नाही. व्हिनेगरचा उपयोग लोकर व रेशमासारख्या धाग्यांना आम्लयुक्त रंग देताना उष्णतेबरोबर होतो; रंगवून झालेल्या सुती धाग्यावर ते काही करत नाही, आणि मीठही रंगवतानाच उपयोगी पडते. विणण्यापूर्वी ओला धागा पांढऱ्या फडक्यात दाबून पाहावा. डाग पडला तर लडी पुन्हापुन्हा कोमट पाण्यात बुडवून, पाणी स्वच्छ येईपर्यंत जास्तीचा रंग काढून टाकावा. चारसहा वेळा धुऊनही फडके लाल होत असेल, तर त्या धाग्याचे सगळेच काही एका रंगात विणावे; पांढऱ्याशेजारी तो आणू नये.